शेपटाकडून

आधी शेपटाकडं बघ.
तोंड बघून ओळखायची आपली सवय
इथं चालत नाही.

पांढऱ्या ट्रेमधे बोटभर पाणी घे,
येलदरीच्या खालच्या अंगाचं, पूर्णेचं, शेवाळासकट.
नळाचं नको, त्याला औषधाचा वास असतो,
आणि जिंतूरला ते येतंय कुठं रोज.
मग हलू नकोस.
गाळ खाली बसतो. काड्या काड्याच राहतात.
एखादी काडी चालायला लागते.

तीन पानं आहेत का शेवटाला?
कडुनिंबाच्या कोवळ्या पाल्यासारखी, मधे शीर असलेली?
मग ते टाचणीचं पिल्लू.
पानं म्हणजे कल्ले.
श्वासाला तीच आणि वल्ह्यालाही तीच.

पानांऐवजी तीन दोरे असले,
आणि पोटाच्या दोन्ही कडांना काहीतरी सारखं फडफडत असलं,
तर ते मेफ्लायचं. बाजूला ठेव.
अंग बसकं, शेपूट टोकदार,
डिवचल्यावर मागून पिचकारी मारून पुढं सटकलं
तर चतुर. लहानपणी आपण ज्याला दोरा बांधायचो
त्याचं लहानपण.

आता उलटं कर.
ब्रशनं. चिमट्यानं नाही.
हनुवटीखाली घडी घातलेला हात दिसेल,
तो हात नाही, खालचा ओठ आहे.
डासाची अळी जवळून गेली की उलगडतो, मिटतो.
आपण 'अरे' म्हणेपर्यंत ट्रेमधली एक अळी कमी झालेली असते.
त्या ओठावर केस असतात. भिंग लावून मोज.
डाव्या बाजूचे मोज, मग उजव्या,
दोन्ही जुळले नाहीत तर चहा पिऊन ये आणि परत मोज.
मी पहिल्या वर्षी म्हणालो होतो, केसांवरून जात कळते.
सगळा वर्ग हसला.
दैवशाला मॅडम हसल्या नाहीत.
'प्रजाती' म्हण, म्हणाल्या. इथं तरी.

माझ्या पहिल्याच ट्रेमधलं पिल्लू
दोन पानांचं निघालं.
पुस्तकात पहिलाच प्रश्न: पाने तीन?
असल्यास पुढे जा.
नसल्यास कुठं जायचं त्यात नव्हतंच.
मी ते बाटलीत टाकून देणार होतो,
खराब नमुना म्हणून.

मैनोद्दीनमामा बाटल्या विसळत होते.
जिनिंगमधे दोन बोटं ठेवून आलेला माणूस,
तीन बोटांत परीक्षानळी अशी धरायचे
की एक फुटली नाही बावीस वर्षांत.
ते वाकले. भिंगाशिवायच म्हणाले,
'तिसरं हाय की. बारकं. मधी बघा.'

होतं. तांदळाच्या कणीएवढं.

'खेकड्यानं धरलं आसंल,
ह्येनं तेवढं त्याच्या हातात देलं अन् निघून आलं.'
मग मॅडमकडं वळून,
'पूरं येतं का ओ, परत?'
येतं, मॅडम म्हणाल्या. कात टाकत टाकत येतं.
बहुतेक जरा आखूड राहतं.
'मग मोजायचं का त्येला?'

पंखा फिरत होता.
मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला,
पुसलेलाच परत पुसला.
मग नोंदवहीत स्वतःच्या हातानं लिहिलं:
कल्ले तीन. एक लहान.
मामा तोवर पुढच्या बाटलीला लागले होते.

ती वही खालच्या कपाटात आहे, कडा वाळवीनं खाल्ल्यात.
तुझ्या नोंदी तिच्यातच कर,
नवीन आणू नकोस.

काम झालं की पाणी जिथलं तिथं ओतून ये.
घाटाच्या पायरीवरून नको, धुणं चालू असतं,
लव्हाळ्यात ओत.
आणि तिथं पाण्याच्या वर वीतभर
एखाद्या पात्याला कोरडं काही चिकटलेलं दिसलं,
पाठीवर उसवलेलं, आत कुणी नसलेलं,
तर काडेपेटीत घालून आण.
त्यालाही पानं असतात. मोज.
मोजताना श्वास बाजूला सोड,
फार हलकं असतं ते.